विहीणबाई, कारण सांगा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या भाजीपाला संशोधन संस्थेचे संचालक महोदय. बियाणे मंडळाकडून खास वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. प्रयोगशाळेतले, शेतावरचे आणि कचेरीतले माझे सहकारी. ज्यांच्या जिवावर आपण सगळे दुपारनंतरही उभे असतो ती स्वयंपाकघरातली मंडळी. आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या कँटीनच्या प्रमुख, ज्यांना निमंत्रणपत्रिकेत ‘आदरणीय’ म्हटलंय आणि ज्यांना मी घरी ‘विहीणबाई’ म्हणतो. सर्वांना माझा नमस्कार.

संयोजकांनी मला बजावलंय की पाच मिनिटांत आटपा. आता तुम्हीच सांगा, व्याह्याने विहिणीबद्दल पाच मिनिटांत आटपायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पाच मिनिटं तर नुसती मानापमानात जातात. तेव्हा घड्याळ दाखवणाऱ्यांनी ते खुशाल दाखवत राहावं, मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा मी मुद्दामच खिशात ठेवलाय.

पाहुण्यांसाठी माझी ओळख करून देतो. मी इथल्या चव-चाचणी कक्षाचा प्रमुख. शेतावर एखादा नवा वाण तयार झाला की तो आमच्याकडे येतो. आम्ही तो शिजवतो, छोट्या वाट्यांत घालतो आणि लाल दिव्याखाली बसवलेल्या माणसांना खायला देऊन विचारतो, कसं लागतं? दिवा लाल अशासाठी की भाजीचा रंग दिसू नये. माणूस डोळ्यांनी आधी जेवतो आणि जिभेला नंतर विचारतो, हे आमच्या धंद्याचं पहिलं दुखणं. या कामामुळे मला मंडळी तोंडावर ‘साहेब’ म्हणतात आणि पाठीमागे ‘जीभ’. मला दोन्ही ऐकू येतं. मागून बोलणाऱ्यांनी आवाज थोडा खाली ठेवायला हरकत नाही.

आता मुद्दा. माझी मुलगी, म्हणजे विहीणबाईंची सून, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने काल मला फोन करून सांगितलं, “बाबा, तुमचे विनोद कमी करा आणि आमचं काम करा.” त्यांचं काम असं की, विहीणबाई आजपासून निवृत्त झाल्या, आणि परवा सकाळी त्या त्यांच्या बहिणीच्या गावी राहायला निघाल्या आहेत. चार दिवस हवापालट करायला नव्हे, कायमच्या. तिकीट काढलंय, बॅग भरून दाराशी ठेवली आहे. घरात मुलगा आहे, सून आहे, पाच वर्षांची नात आहे, तरीही. का म्हणून विचारलं तर एकच उत्तर, “माझं आता तिथे काय काम?” मुलीने दोनदा थांबवून पाहिलं. पण बोलता बोलता तिला रडू येतं, आणि सून रडायला लागली की सासूला ते नाटक वाटतं. म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली आहे. पत्रिकेवर ‘निरोप समारंभ’ छापलंय ते छापलंय. माझा निरोप देण्याचा अजिबात विचार नाही.

रागावू नका विहीणबाई. पुष्पगुच्छ मांडीवर असताना रागावलेलं फोटोत बरं दिसत नाही.

आपल्यापैकी जे इथे नवीन आहेत त्यांना कँटीनची खिडकी माहीत असेल, पण तिचा इतिहास माहीत नसेल. जेवण झालं की आपण आपलं ताट नेऊन त्या खिडकीत ठेवतो. इतर ठिकाणी माणसं ताट ठेवतात आणि हात धुवायला जातात. इथे तसं चालत नाही. इथे खिडकीच्या पलीकडे विहीणबाई उभ्या असतात, पदर खोचून. ताट पुढे आलं की त्या तीन वाक्यं बोलतात. पहिलं, “ताट दाखवा.” ताटात काही उरलेलं दिसलं, की दुसरं, “कारण सांगा.” आणि सांगण्यासारखं कारण नसलं, की तिसरं, “कारण नाही? मग बसा आणि संपवा.” बस्स. या तीन वाक्यांवर त्यांनी ही संस्था चालवली आहे. संचालक आले आणि गेले, ही वाक्यं बदलली नाहीत. मी तर म्हणतो, आपली वार्षिक अहवालाची बैठकही त्या खिडकीतच घ्यावी.

बरं, ताटात उरायचं काय? आपल्या प्रायोगिक शेतावर पिकतो कोबी. वाणांमागून वाण, वाफ्यांमागून वाफे. बी घेऊन झालं, मोजमाप झालं की उरलेला सगळा कोबी कँटीनमध्ये. मग आज कोबी, उद्या कोबी, परवा पाहुणे आले म्हणून कोबी आणि वर कोथिंबीर. विहीणबाईंची कोबी करायची पद्धत अशी की मोठ्या पातेल्यात पाणी आधणाला ठेवायचं, त्यात चिरलेला कोबी टाकायचा आणि त्याने गुन्हा कबूल करेपर्यंत उकळायचा. त्याचा वास जिन्याने वर जायचा. ग्रंथालयात खिडक्या लावून घेत. एकदा तर एक नवीन कर्मचारी धावत खाली आला, म्हणाला, “गॅस गळतोय!” त्याला मी हाताला धरून परत वर नेलं. म्हटलं, बाबा रे, गॅस नाही, दुपारचं जेवण आहे.

अशा वेळी माणसं काय करतात? युक्त्या करतात. कुणी कोबी कागदी रुमालात गुंडाळून खिशात घातला. कुणी व्हरांड्यातल्या कुंड्यांना खाऊ घातला. त्या कुंड्या वाळल्या, त्याचा दोष बिचाऱ्या माळ्यावर गेला. आणि आपले अध्यक्ष महोदय... सांगू का साहेब? नाही म्हणून चालणार नाही, अर्ध्या सभागृहाला माहीत आहे. आपले संचालक महोदय बाराही महिने बरोबर छत्री ठेवायचे. जेवायला बसले की छत्री खुर्चीला टांगलेली, अर्धवट उघडी. आम्हाला वाटायचं, माणूस किती सावध. मग एके दिवशी परदेशी पाहुण्यांना निरोप द्यायला साहेब फाटकापर्यंत गेले, पावसाची सर आली म्हणून त्यांनी पाहुण्याच्या डोक्यावर मोठ्या अदबीने छत्री उघडली... पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की पाहुण्याने तो स्वागताचा प्रकार समजून हात जोडले.

हसा साहेब, हसा. आज तुम्हाला मोकळीक आहे, पण तुमचा विषय अजून संपलेला नाही. पुढे यायचाय.

तर अशा या खिडकीत माझी मुलगी पहिल्यांदा उभी राहिली ती प्रशिक्षणार्थी म्हणून. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. ताटात कोबी नव्हता, तो तिने मुकाट्याने खाल्ला होता. पण कडेला हिरवीगार कोथिंबीर पान न् पान निवडून ठेवलेली. विहीणबाई म्हणाल्या, “कारण सांगा.” माझी मुलगी सरळमार्गी. आईवर गेली आहे. म्हणाली, “साबणाची चव येते.”

झालं! मंडळी, तुम्ही वीस-पंचवीस वर्षं मोठ्या अभिमानाने स्वयंपाकघर चालवलंत आणि एखादी पोर उभी राहून सांगते की ताटाला साबण लागतो, तर तुम्ही काय समजाल? विहीणबाई समजल्या की भांडी नीट खळबळलेली नाहीत. त्यांनी खिडकी धाडकन बंद केली. त्या दुपारी संस्थेतलं प्रत्येक ताट, वाटी, पेला, झारा, पळी पुन्हा धुतली गेली. भांडी घासणाऱ्या बायका माझ्या मुलीकडे जे बघत होत्या, ते मी शब्दांत सांगत नाही. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने धुतलेलं ताट तिच्यासमोर ठेवलं आणि उभ्या राहिल्या. पोरीने एक घास घेतला आणि म्हणाली, “अजून साबणच लागतो.”

ती भांडी उन्हात वाळवायला गच्चीवर कुणी नेली, माहीत आहे? विहीणबाईंच्या चिरंजीवांनी. आईला मदत म्हणून आले होते. गच्चीवर माझी मुलगी ओशाळून मदतीला गेली. दोघांनी मिळून इतकी भांडी इतका वेळ वाळत घातली, की पुढे आम्हाला लग्नाची तारीख काढावी लागली. तेव्हा कोथिंबिरीने आमचं कुणाचं वाईट केलं असं मला म्हणता येत नाही.

आता माझा धंदा आहे म्हणून दोन शब्द शास्त्राचे. घाबरू नका, परीक्षा नाही. कोथिंबिरीच्या वासात जी काही द्रव्यं आहेत, त्यांची भावंडं साबणातही असतात. काही माणसांच्या नाकाला ती जरा जास्तच ओळखू येतात. ही ओळख पुष्कळदा घराण्यातून येते. म्हणजे नाकाची ठेवण जशी येते तशी नाकाची खोडही येते. आमच्या सौभाग्यवतींना कोथिंबीर साबण लागते, त्यांच्या आईला लागायची, मुलीला लागते. मला लागत नाही, पण घरात माझं ऐकतं कोण! आणि गंमत अशी की तीच कोथिंबीर ठेचली, वाटली, थोडा वेळ तशीच ठेवली, की तो वास बराच उतरतो. म्हणजे निम्मं रक्तात आणि निम्मं पाट्यावर.

हे मी विहीणबाईंना तेव्हा समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “व्याहीबुवा, खाण तशी माती. तुमच्याकडची खोड आहे म्हणा की सरळ.” मी गप्प बसलो. मुलीकडचा बाप होतो, बसावं लागतं.

पुढे नात झाली. पहिलंवहिलं नातवंड. तिला आम्ही पिटुकली म्हणतो. विहीणबाईंनी तिला मोठ्या हौसेने पहिल्यांदा कोबी मऊ करून भरवला आणि पिटुकलीने तो घास आजीच्या पदरावर परत केला. दुसऱ्यांदाही केला. तिसऱ्यांदा तर तोंडच उघडलं नाही. आणि मग सुरू झालं. रोज जेवणाच्या वेळी विहीणबाई नातीला म्हणायच्या, “तुला गं कुठून हे नखरे येतात? आमच्या घरात कुणी अन्नाला नाव ठेवलेलं नाही!” लेकी बोले सुने लागे. सुनेला लागायचं. सुनेचं माझ्यापर्यंत यायचं. मी माझ्या सौभाग्यवतींना सांगायचो, त्या म्हणायच्या, “कोथिंबीर माझी, कबूल. कोबी मात्र माझा नाही!” म्हणजे एका कोबीच्या गड्ड्यावरून दोन घरं जेवायला एका पंगतीत बसेनाशी झाली. हसू नका, त्या वेळी हसायला येत नव्हतं. सणवार नाही, वाढदिवस नाही, सगळं आपापल्या घरी.

शेवटी गेल्या वर्षी संस्थेचा खुला दिवस आला. बाहेरची माणसं येतात, प्रयोगशाळा बघतात, आम्ही त्यांना गमती दाखवतो. आमच्या कक्षाची ठरलेली गंमत म्हणजे कडू पट्टी. एक कागदाची पट्टी, तिला एक निरुपद्रवी द्रव्य लावलेलं. जिभेवर ठेवायची. काहींना ती इतकी कडू लागते की ते थुंकायला धावतात, आणि काहींना नुसता कागद चघळल्यासारखी लागते. कारण कडू ओळखायची ताकद सगळ्यांच्या जिभेला सारखी नसते. ती आईबापांकडून येते. आणि ज्यांना पट्टी फार कडू लागते, त्यांना पुष्कळदा कोबीसुद्धा जास्त कडू लागतो.

विहीणबाईंनी गर्दीतून हे ऐकलं आणि त्या पुढे आल्या. भर सभेत म्हणाल्या, “ठेवा व्याहीबुवा जिभेवर. आज होऊन जाऊ द्या सोक्षमोक्ष. पोरीत हे कुणाकडून आलंय ते चार लोकांना कळू दे.”

याला मराठीत हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण मी म्हटलं, होऊन जाऊ द्या.

मी पट्टी ठेवली. कागद. सौभाग्यवतींनी ठेवली. कागद. माझ्या मुलीने ठेवली. म्हणाली, “काहीच नाही लागत.” मग जावईबापूंनी ठेवली. त्यांनी डोळे मिटले, मूठ आवळली आणि आईकडे बघून म्हणाले, “ठीक आहे.” त्यांचं आयुष्यच ‘ठीक आहे’ म्हणण्यात गेलंय, बिचारे. मग पिटुकलीने ठेवली, आणि तिने जे तोंड केलं... एक डोळा बंद, नाक वर, खालचा ओठ डावीकडे. सगळे हसले. शेवटी विहीणबाईंनी ठेवली.

एक डोळा बंद. नाक वर. खालचा ओठ डावीकडे.

मंडळी, मला पुराव्यासाठी काचेच्या नळ्या लागल्या नाहीत. आडात होतं, तेच पोहऱ्यात आलं होतं, आणि आड त्यांच्याच अंगणात होता.

मला वाटलं, त्या आता चिडणार. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे, माझ्या मुलीकडे, मग आजूबाजूच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात विचारलं, “म्हणजे... तुम्हाला कोबी असा कडू लागतच नाही?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईंना आयुष्यभर असं वाटत होतं की कोबी सगळ्यांनाच औषधासारखा कडू लागतो! त्यांना कोबी कधीच आवडला नव्हता. पण जो रांधतो त्याने तेच खायचं, हा त्यांचा नियम, म्हणून त्या रोज खात होत्या, ताट चाटूनपुसून. तो कडूपणा निघावा म्हणून तर त्या तो इतका उकळत होत्या. त्यांच्या जिभेची तक्रार जरा कमी होईपर्यंत. आपल्यावर उपकार करत होत्या त्या! आणि खिडकीत जेव्हा आपण उरलेलं ताट पुढे करायचो, तेव्हा त्यांच्या मनात येत असे, कडू मलाही लागतं, मी संपवते, मग यांना काय धाड भरली आहे?

मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. “कडू लागत नाही, तर मग तुम्ही सगळे टाकत का होता?”

जो तो जमिनीकडे बघायला लागला, मीसुद्धा. आणि अशा वेळी, साहेब, आता तुमचा विषय परत आला, अशा वेळी गर्दीतून आपल्या अध्यक्षांचा खणखणीत आवाज आला, “वासामुळे हो! इतका शिजवला की वास सुटतो त्याला!”

साहेब, तुम्ही खरंच बोललात. शास्त्राला धरून बोललात. कोबी जितका जास्त उकळावा, तितका त्याचा तो उग्र वास बाहेर पडतो. हे मीही सांगू शकलो असतो. पण काही खरं इतक्या मोठ्याने सांगायचं नसतं.

त्या दिवसापासून विहीणबाईंनी घरी स्वयंपाकाला हात लावला नाही. कँटीनमध्ये करत होत्या, ती नोकरी होती. घरी मात्र, “माझ्या हातचं नको, तुम्ही करा.” भांडण नाही, आदळआपट नाही. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, आम्हाला त्याची सवय होती. त्या ओट्यापासून दूर खुर्चीवर बसायच्या, पानात पडेल ते खायच्या. घरातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई पाहुण्यासारखी वागायला लागली. जावईबापूंनी सांगून पाहिलं. मुलगी म्हणाली, “आई, तुमच्या हातचंच खायचंय.” त्या म्हणाल्या, “चांगुलपणा नको करूस.” आणि मग ते तिकीट आलं.

आता गेल्या रविवारची गोष्ट सांगतो आणि माझं भाषण संपवतो. म्हणजे, संपवतो असं म्हणतो.

मी मुलीकडे गेलो होतो. जेवायला बसलो. मुलीने कोबी केला होता, माझ्या पुस्तकी सल्ल्याने, म्हणजे बेताचाच शिजवलेला, वास नाही, काही नाही. पिटुकलीने एक घास घेतला आणि ते तोंड केलं. झालं, मी, मुलगी आणि जावईबापू, तिघंही तिच्यामागे लागलो. “अगं छान लागतो! बघ, आजोबा कसे खातात! मिटक्या मारून खातात!” मी मिटक्या मारून दाखवल्या. पोर माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की आजोबा खोटारडे आहेत हे तिला पक्कं कळलं होतं.

तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला. “छान लागत नाही. कडू लागतो.”

पिटुकलीने मान वळवली. “आजी, तुला पण?”

“मला पण. लहानपणापासून.”

“मग तू खातेस कसा?”

विहीणबाईंनी नातीच्या ताटाकडे पाहिलं. मग उठल्या. पदर खोचला. जवळजवळ वर्षभराने त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. माझी मुलगी बाजूला झाली. विहीणबाईंनी लोखंडी तवा चांगला तापवला, तेल घातलं, कोबीचे मोठे मोठे तुकडे त्यावर पसरले आणि हलवलेच नाहीत. कडा तपकिरी झाल्या, चर्र आवाज झाला, वास सुटायच्या आत तवा खाली. वरून मीठ, लिंबू. मीठ कडवटपणाला दाबतं, तापल्या तव्यावर कोबीतली साखर वर येते, हे मी तुम्हाला आकृती काढून समजावू शकतो. पण त्या दिवशी आकृती कुणाला हवी होती? त्यांनी एक तुकडा स्वतः खाल्ला, एक नातीला दिला.

“आता?”

“थोडा कडू.”

“किती?”

पिटुकलीने करंगळीचं टोक दाखवलं. विहीणबाईंनीही आपली करंगळी पुढे केली, तिच्या करंगळीला लावली आणि म्हणाल्या, “मलाही तेवढाच.” आणि दोघींनी मिळून तो तवा रिकामा केला. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. माझ्या मुलीला खरं तर रडू येत होतं, पण तिने ते पाण्याबरोबर गिळलं.

आम्हाला वाटलं, जिंकलो! तिकीट रद्द! कसलं काय. जेवण झाल्यावर त्यांनी सुनेला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “असा करत जा तिला. आता कळलं ना कसा करायचा? चला, माझं तेवढं काम उरलं होतं, ते झालं.” आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

विहीणबाई, आता मी तुमच्याकडे तोंड करून बोलतो. माइक ओरडला तर ओरडू दे.

तुम्ही म्हणता, तिथे तुमचं काय काम. माझी मुलगी तवा तापवेल. लिंबू पिळेल. सगळं तुमच्यासारखं करेल. पण तिला तो कोबी कडू लागणारच नाही हो! मलाही नाही. आम्ही पोरीला काय सांगणार? आम्ही म्हणणार, “छान लागतो, खा,” आणि पोर समजणार, एकतर हे खोटं बोलतात किंवा माझ्यातच काहीतरी खोट आहे. तुम्ही साठीला येईपर्यंत हेच समजत आला होतात की नाही? एकट्याच कडू गिळत होतात आणि वाटत होतं, सगळे गिळतात. त्या पोरीवरही तीच वेळ आणायची? तिच्या वडिलांना विचाराल, तर ते ‘ठीक आहे’ म्हणणार! जावईबापू, माफ करा, पण तुम्ही म्हणणार. या घरात तिच्या करंगळीला करंगळी लावून ‘मलाही तेवढाच’ असं म्हणणारं एकच माणूस आहे, आणि ते माणूस परवा सकाळी गाडीत बसणार आहे.

आमचं चुकलं. तुम्हाला आम्ही सगळ्यांनी वेळेवर खरं सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा साहेबांनी सांगितलं. पण आम्ही तुमची भाजी टाकली, तुम्हाला टाकलेलं नाही. माझी मुलगी तुमच्यावर जीव टाकते, विहीणबाई. तिला तुमच्याशिवाय ते घर नको आहे. हे ती बोलू शकत नाही म्हणून मी बोलतोय... पाणी आहे का इथे? असू द्या. असू द्या, झालं.

तर मंडळी, खिडकीचा नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही भरल्या पानावरून उठून निघाला आहात. मी व्याही, मला विचारायचा अधिकार नाही. पण ज्या व्यक्तीला तो अधिकार आहे, ती तिसऱ्या रांगेत आईच्या मांडीवर बसून कंटाळली आहे. ये गं पिटुकली, ये इकडे. धरा जरा तिला, पायरी उंच आहे. हं. हा माइक. आजोबांनी काय शिकवलंय? मोठ्याने विचार.

...ऐकलंत? शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं का? ती विचारते आहे, “आजी, कारण सांग.”

थांबा, टाळ्या नकोत. उत्तर येऊ द्या. विहीणबाई उठल्या आहेत. पुष्पगुच्छ त्यांनी साहेबांच्या हातात दिला... साहेब, धरा, पाडू नका. त्यांनी पिटुकलीला उचलून घेतलंय. माइकपासून लांब बोलताहेत, मी इथून सांगतो तुम्हाला. त्या म्हणाल्या...

त्या म्हणाल्या, “कारण नाही.”

मग, मंडळी? तुम्ही सगळे त्या खिडकीत उभे राहिलेले आहात. कारण नसलं तर काय करायचं असतं? सगळ्यांनी, एका आवाजात!

“मग बसा आणि संपवा!”

ऐकलंत विहीणबाई? सबंध संस्थेचा निकाल आहे, अपील नाही. तिकिटाचं जावईबापू बघतील. ते ‘ठीक आहे’ म्हणालेसुद्धा.

अध्यक्ष महोदय, छत्रीचा उल्लेख केल्याबद्दल आणि तो पुन्हा केल्याबद्दल, क्षमा असावी. पाहुण्यांचा मी फार वेळ घेतला. संयोजकांनी दिलेली पाच मिनिटं मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही, सापडली तर परत करीन. बोलण्याच्या भरात मीठ कुठे जास्त पडलं असेल, कुठे वास सुटला असेल, तर तेवढं ताटाच्या कडेला काढून ठेवा आणि बाकीचं पोटात घाला. ज्यांनी हा समारंभ घडवला त्यांचे आणि ज्यांनी मला सहन केलं त्यांचे मनापासून आभार.

खाली जेवण तयार आहे. आज कोबी आहे, तव्यावरचा, विहीणबाईंच्या पद्धतीने, पण त्यांच्या सुनेच्या हातचा. आणि कोथिंबीर वाटून वेगळ्या वाटीत ठेवली आहे, हवी त्याने घ्या. एवढं लक्षात असू द्या की आज खिडकीत आजी एकटी नसेल, स्टुलावर नातही उभी असेल. साहेब, छत्री इथेच ठेवून चला.